डब्याचा जमाखर्च

दरमहा ठरावीक पगारावर संसार चालविणाऱ्या माणसाला आपल्या खर्चाच्या मोठ्या बाबी बहुधा तोंडपाठ असतात. घरभाडे किंवा घरकर्जाचा हप्ता, मुलांची फी, वाण्याचे बिल, विजेचे देयक, गावी आईवडिलांना धाडावयाची रक्कम ही कलमे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच आपापला वाटा उचलून जातात आणि त्यांच्याविषयी घरात विचारविनिमय होतो, क्वचित वादही होतो. परंतु दुपारी एक ते दोनच्या दरम्यान कचेरीजवळच्या एखाद्या उपाहारगृहात, किंवा हल्ली जागेवर अन्न आणून देणाऱ्या एखाद्या सेवेमार्फत, जो पैसा रोज थोडाथोडा निघून जातो, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. कारण ती रक्कम एकेकटी पाहिली तर इतकी किरकोळ असते की तिची चौकशी करणे हाच कद्रूपणा वाटावा, आणि महिनाअखेर ती एकत्र बांधून पाहण्याचा प्रसंग सहसा कोणी स्वतःवर येऊ देत नाही.

केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये केलेल्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी माणसाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ३९ टक्के भाग अन्नावर जातो असे आढळले, आणि अन्नाच्या बाबींमध्ये सर्वांत मोठा वाटा धान्याचा, दुधाचा किंवा भाज्यांचा न निघता पेये, अल्पोपाहार आणि तयार खाद्यपदार्थ ह्यांचा निघाला. बिस्किटाचा पुडा, टपरीवरचा चहा आणि फरसाण हेही त्याच सदरात मोडत असल्यामुळे सगळा समाज बाहेर जेवू लागला असा अर्थ त्यातून काढता येणार नाही. तथापि पैशाचा ओघ कोणत्या दिशेला वळला आहे ते त्यावरून स्पष्ट दिसते, आणि घरून डबा नेण्याच्या जुन्या शिरस्त्याकडे हिशेबी नजरेने पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते.

कामाच्या जागी घरचे अन्न नेण्याची चाल आपल्याकडे काटकसरीतून जन्मली, असे मात्र समजू नये. शेतावर राबणाऱ्याची भाकरी, तिच्यावर झुणका किंवा ठेचा आणि फडक्यात बांधलेला कांदा, हे सारे बांधावर जात असे ते तेथे दुसरा उपायच नव्हता म्हणून. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोटाच्या (फोर्टच्या) परिसरात सरकारी दप्तरे, बँका आणि व्यापारी पेढ्या उभ्या राहिल्या, आणि त्यांत लेखणी चालविणारी माणसे गिरगावात, पुढे दादर-माटुंग्याला, आणखी पुढे पार्ल्या-बोरिवलीला राहू लागली, तेव्हा त्यांच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न प्रथम उभा राहिला तो धर्माचा आणि सवयीचा प्रश्न म्हणून. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या पंक्तीला बसावे ह्याविषयीचे निर्बंध त्या काळी कडक होते. शिवाय पारशी, गुजराती, सारस्वत, देशस्थ, मुसलमान अशा प्रत्येकाची चव वेगळी आणि पथ्ये वेगळी. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी घरोघरचे डबे गोळा करून ते कचेऱ्यांत पोचविण्याचा जो व्यवसाय सुरू केला, त्याचे मूळ ह्या परिस्थितीत होते. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव ह्या पुणे जिल्ह्याच्या भागांतून आलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी तो व्यवसाय वाढविला, १९५६ साली त्याला धर्मादाय न्यासाचे रूप मिळाले, आणि पुढे त्याची कीर्ती इतकी दूरवर गेली की २००३ साली इंग्लंडचे राजपुत्र चार्ल्स चर्चगेटला येऊन ह्या मंडळींना भेटले. झाकणावर रंगाने रेखलेली अक्षरे आणि आकडे, त्यांवरून ओळखावयाचे स्थानक, इमारत आणि मजला, डोक्यावरची लांबलचक लाकडी पाटी, लोकलचा मालडबा, ह्या सर्वांचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले असल्यामुळे ते येथे विस्ताराने करण्याचे प्रयोजन नाही.

त्या वर्णनांत एक गोष्ट सहसा येत नाही, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. बोरिवलीहून किंवा डोंबिवलीहून निघणाऱ्या कारकुनाला आपला डबा स्वतः बरोबर न्यावयाचा असेल तर तो सकाळी सात-साडेसातच्या आत भरून तयार व्हावा लागतो. डबेवाला दाराशी येतो नऊच्या सुमारास. म्हणजे डबेवाल्याला दरमहा जे शुल्क दिले जाते त्यातून नवऱ्याला ताजे अन्न मिळते हे खरेच, पण त्याच पैशातून घरातल्या बाईला पहाटेचे दीड-दोन तास परत मिळतात. ज्यांना हे शुल्क परवडत नसे ते कारकून चामडी पिशवीत डबा घालून लोकलच्या गर्दीत शिरत, आणि वाचलेल्या रकमेची किंमत घरात दुसरे कोणीतरी अंधारात उठून चुकती करीत असे. डब्याच्या जमाखर्चातली ही पहिली न लिहिलेली नोंद होय.

ज्यांचे घरच मुंबईत नव्हते त्यांची कैफियत निराळी. लालबाग, परळ, वरळी, नायगाव ह्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याहून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत. त्यांच्या डब्याची तजवीज खाणावळवाल्या बायका करीत. एखाद्या गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-वीस जणांचे जेवण रांधी, पाळीच्या वेळा सांभाळून डबे भरी आणि पैसे मात्र पगार झाल्यावर, महिन्याने घेई. महिनाभराचे धान्य, तेल, रॉकेल तिला वाण्याकडून उधारीवर उचलावे लागे आणि त्या उधारीवर जबर व्याज भरावे लागे. गिरण्यांचा संप झाला की जेवणारा पैसे देऊ शकत नसे, आणि जेवण थांबविणे तिच्या मनाला पटत नसे; तेव्हा संपाचा भार ज्यांच्या शिरावर सर्वांत अधिक पडला त्यांत ह्या बायका होत्या, जरी त्यांची नावे कोणत्याही कामगार संघटनेच्या यादीत नव्हती.

गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेऊन पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी ही गोष्ट ओळखली आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. राष्ट्रीयीकृत बँकेकडून ह्या बायकांना अल्प रकमेची कर्जे मिळवून देणे, सावकाराच्या जागी बँक आणणे, हा त्या कार्याचा आरंभ होता. बँकेच्या कर्जासाठी व्यवसायाचा हिशेब दाखवावा लागतो; त्या निमित्ताने पोळी लाटणे, डाळ शिजविणे, डबा भरणे ह्या कामांना प्रथमच व्यवसाय म्हणून कागदावर स्थान मिळाले, आणि ज्या बाईला ‘घरी बसून चार माणसांचे करते’ असे म्हटले जाई तिच्या श्रमांतून शहराच्या गिरण्या चालत होत्या हे आकड्यांत दिसू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे जीवन उद्ध्वस्त केले आणि गिरणगाव हळूहळू ओसरले. अन्नपूर्णेचे कार्य मात्र टिकले, आणि २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. ह्या खाणावळींचा इतिहास आपल्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आला पाहिजे असे मला फार वाटते.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. बाहेरच्या थाळीसाठी आपण जे पैसे मोजतो त्यांत डाळ-तांदळाची किंमत हा एक लहान अंश असतो. जागेचे भाडे, आचारी आणि वाढपी ह्यांचे पगार, व्यापारी दराचा गॅस, वीज, रोज उरून फुकट जाणारा माल, मालकाचा नफा आणि वर वस्तू व सेवा कर, हे सर्व त्या एका ताटात वाटून दिलेले असते. आणि तेच ताट कचेरीत मागविले तर आणून देणाऱ्याचे शुल्क आणि बांधणीचा आकार आणखी चढतो. ह्यात कोणी कोणाला लुबाडले असे नाही. आपण एक सेवा विकत घेतो आणि तिची किंमत देतो, इतकेच. प्रश्न असा की ती सेवा रोज विकत घेण्याची आपल्या पगाराला ऐपत आहे काय.

समजा, मध्यम प्रतीच्या उपाहारगृहातली थाळी एकशेवीस रुपयांना पडते. घरी तेच जेवण करावयाचे म्हटले तर एक किलो कणकेच्या तीस ते पस्तीस पोळ्या होतात. म्हणजे तीन पोळ्यांना शंभर ग्रॅमच्या आतबाहेर कणीक लागते आणि तिचे चार-पाच रुपये होतात. पाव किलोच्या आतली भाजी दहा-बारा रुपयांची, मूठभर डाळ आणि मूठभर तांदूळ मिळून सात-आठ रुपयांचे, तेल, फोडणी आणि मसाला तीन-चार रुपयांचा, गॅस चार-पाच रुपयांचा. गावागणिक आणि ऋतूगणिक ह्यांत फरक पडेल, पावसाळ्यात कोथिंबिरीची जुडी सोन्याच्या भावाने मिळेल, तरी पस्तीस रुपयांच्या वर ही बेरीज सहसा जाणार नाही. फरक पंच्याऐंशी रुपयांचा. सुट्ट्या, रजा आणि अधूनमधून मित्रांबरोबर बाहेर जेवण्याचे दिवस सोडून महिन्याचे वीस दिवस धरले तर सतराशे रुपये होतात, आणि टपाल खात्याच्या पाच वर्षे मुदतीच्या आवर्ती ठेवीत ते दरमहा भरले तर मुद्दलच एक लाख दोन हजार रुपये जमते, व्याज वेगळे. तीस हजार रुपये पगार असलेल्या तरुणाच्या दृष्टीने ही रक्कम तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. नोकरी सुटली, घरात आजारपण आले, तर एवढ्या बेगमीवर माणूस कोणाचे पाय न धरता एक तिमाही काढू शकतो. श्रीमंत होण्याचा हा मार्ग नव्हे, आणि त्या नावाखाली त्याची भलावण कोणी करू नये. पण कर्जबाजारी न होण्याच्या कामी त्याचा उपयोग निश्चित आहे.

एक दक्षता मात्र घ्यावी लागते. वाचलेले पैसे वेगळे काढून ठेवले नाहीत तर ते वाचत नाहीत. ते संध्याकाळच्या रिक्षात किंवा रविवारच्या खरेदीत विरून जातात आणि वर्षअखेर माणूस विचारतो की एवढे डबे नेऊन उरले काय. म्हणून पगाराच्या दिवशीच ती रक्कम ठेवीकडे वळती करावी. तसेच डबा सुरू करण्याच्या पहिल्या उत्साहात महागडे काचेचे डबे, विजेवर तापणारी भांडी आणि कधी न वापरली जाणारी परदेशी धान्ये विकत घेण्याचा मोह होतो; दोन महिन्यांची किफायत त्यातच खर्ची पडते. पोलादाचा तीन पुडांचा साधा डबा, ज्याची कडी घट्ट बसते, तो वीस वर्षे टिकतो. एकट्याने राहणाऱ्याची अडचण आणखी वेगळी असते: कोबीचा गड्डा एकाला चार दिवसांत संपत नाही आणि उरलेला पाचव्या दिवशी टाकावा लागतो. त्याने खोलीतल्या सोबत्याबरोबर आळीपाळीने स्वयंपाक करावा, किंवा शहरातल्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणून भाजी-आमटी तेवढी घरी करावी. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांनी चालविलेली ही केंद्रे बाहेरचे जेवण आणि घरचे जेवण ह्यांच्या मधली फार उपकारक जागा आहे. तेथली पोळी घरच्या पोळीपेक्षा महाग असली तरी हिशेबाचा तोल तिने बिघडत नाही, आणि तिच्यामागे जिने श्रम केले तिला त्यांचा मेहनताना मिळालेला असतो.

श्रमांचा हा मुद्दा आला की वरची सगळी बेरीज-वजाबाकी पुन्हा तपासून पाहावी लागते. पस्तीस रुपयांत आपण कणीक धरली, तेल धरले, गॅस धरला. कणीक मळणारे हात धरले नाहीत. स्वयंपाकाला बाई ठेवली तर तिचा पगार आपण बिनतक्रार खर्चाच्या बाजूला लिहितो, परंतु तेच काम पत्नीने किंवा आईने केले की त्या जागी शून्य मांडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केलेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत असे दिसले की घरातली बिनमोलाची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेचतात आणि पुरुष ९७ मिनिटे. त्यातही अशी कामे मुळात करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शंभरात ८१ आणि पुरुषांचे शंभरात २६. ‘घरचा डबा स्वस्त पडतो’ हे वाक्य ह्या आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे. स्वस्त कोणाला पडतो, हे त्यातून कळते.

ही सकाळ जवळून पाहिली म्हणजे प्रश्नाचे स्वरूप समजते. साडेपाचला उठून एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाजी. मधल्या वेळात आदल्या दिवशी भिजविलेल्या मटकीला आलेले मोड पाहणे, कणीक तिंबणे, मुलाला उठविणे. तव्यावरची पोळी तशीच डब्यात घातली तर वाफ धरून ओली होते, म्हणून ती आधी फडक्यावर पसरावयाची, मग तूप लावून चौघडी घालावयाची. भाजी गरम असताना झाकण लावले तर दुपारपर्यंत तिला वास येतो, म्हणून परातीत पाणी घेऊन भांडे त्यात टेकवावयाचे. मुलाचा डबा निराळा, कारण त्याला तिखट चालत नाही, सासऱ्यांना पथ्य. सर्वांत शेवटी तिचा स्वतःचा डबा, कढईच्या कडेला राहिले असेल त्याचा. आणि हीच बाई आठ-बाराच्या लोकलने स्वतः कामावर निघालेली असते. शहरातल्या लक्षावधी घरांत ही सकाळ रोज घडते, आणि तिच्यातून जी बचत निघते ती बहुधा घराच्या नावे जमा होते, तिच्या नावे नाही.

म्हणून डब्याच्या किफायतशीरपणाचे समर्थन करावयाचे तर ते एका अटीवर करावे असे माझे स्पष्ट मत आहे: जो डबा खातो त्याने डब्याचे काम केले पाहिजे. भाजी निवडणे आणि चिरणे, लसूण सोलणे, कडधान्य भिजत घालणे, कणीक मळून ठेवणे ही कामे रात्री जेवणानंतर अर्ध्या तासात होतात आणि त्यांना कसलेही विशेष कौशल्य लागत नाही. संध्याकाळी डबा परत आला की तो ज्याचा त्यानेच घासावा. आतल्या खोबणीत अडकलेली वाळकी भाजी दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या कोणी खरवडून काढावी ह्यापरता अविचार नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात नवराबायको दोघेही नोकरी करतात. तेथे वरण-भात आणि कोशिंबीर नवऱ्याकडे, पोळी-भाजी बायकोकडे, आणि शनिवारी दोघे मिळून बाजार करतात, असा शिरस्ता लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरला. त्या घरात आवर्ती ठेवीची दोन खाती आहेत, दोघांच्या नावांची, आणि डब्यातून वाचलेली रक्कम दोन्हींत सारखी भरली जाते. इतकी साधी गोष्ट किती घरांत होत असेल?

डबा नीट जमण्यासाठी थोडे पाकशास्त्रही लागते, आणि ते आपल्या आज्या-पणज्यांना चांगले अवगत होते. काकडीच्या कोशिंबिरीत सकाळी मीठ घातले तर दुपारी तिचे पाणी होते. म्हणून मीठ पुरचुंडीत वेगळे द्यावे. दहीभात न्यावयाचा तर कोमट भातात दूध घालून त्यात चमचाभरच दही कालवावे, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत ते लागते आणि आंबट होत नाही. मटकी, मूग, चवळी ह्यांच्या उसळी डब्याला फार सोयीच्या: मोड आल्यावर मूठभर धान्याचे वाडगाभर होते, पदार्थ प्रवासात सांडत नाही आणि दुपारनंतर भूकही लवकर लागत नाही. भाजणीचे थालीपीठ, तांदळाची धिरडी, मेथीचे पराठे, शेंगदाण्याची किंवा लसणीची चटणी, ह्यांपैकी काहीही भाजी नसलेल्या दिवशी वेळ निभावून नेते. भाताच्या बाबतीत मात्र विशेष जपावे. तांदळातले काही जंतू शिजविण्यानेही पुरते मरत नाहीत, आणि भात कोंदट उबेत बराच वेळ राहिला तर ते वाढून असे विष तयार करतात की पुन्हा गरम केल्यानेही ते नाहीसे होत नाही. आदल्या रात्रीचा भात न्यावयाचा असेल तर तो रात्रीच लवकर निववून शीतपेटीत ठेवलेला असावा, ओट्यावर झाकून ठेवलेला नव्हे. एका दिवसाच्या आजारपणाचा खर्च महिन्याभराच्या डब्यांची किफायत बुडवू शकतो.

हे सारे करूनही एक प्रश्न उरतो आणि तो खाणाऱ्याच्या हातातला नाही. डबा उघडावयाचा कोठे? १९४८ च्या कारखाने अधिनियमात ह्याची जाणीव स्पष्ट दिसते. त्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विश्रांतीची जागा आणि पिण्याच्या पाण्याची सोय असलेली जेवणाची खोली ठेवण्याचे बंधन घातले, आणि ती कशासाठी, तर कामगारांनी बरोबर आणलेले जेवण तेथे बसून खावे म्हणून, असे कायद्याच्या शब्दांतच नमूद केले. ५५ व्या कलमाने सलग पाच तासांहून अधिक काम न घेता मध्ये निदान अर्ध्या तासाची सुटी दिली. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी आपल्या कायदेमंडळाने मजुराच्या भाकरीला बसावयास जागा मिळावी एवढा विचार केला, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु आज शहरात काम करणारी बहुसंख्य माणसे असल्या मोठ्या कारखान्यात नसतात. कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, इमारतीच्या दाराशी बारा तासांची पाळी करणारा पहारेकरी, रस्ता झाडणारी बाई, बांधकामावरचा गवंडी, घरोघर पार्सल वाटणारा तरुण, ह्यांच्याजवळ डबा असला तरी तो जिन्याखाली, गोदामातल्या खोक्यांवर किंवा पदपथावर बसून खावा लागतो. हात धुवावयास नळ नसला की माणूस डबा न्यावयाचे सोडून देतो आणि वडापाव खातो, कारण वडापाव कागदात धरून खाता येतो. त्याची आर्थिक शिस्त तेथे कमी पडलेली नसते, नळ नसतो.

ज्यांच्याजवळ चूलच नाही त्यांच्यासाठी सरकारने वेळोवेळी काही उपाय केले. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. अशा योजनांच्या अंमलबजावणीत उणिवा निघाल्या असतील, पण नाक्यावर कामाची वाट पाहणाऱ्या मजुराला घरून डबा आणण्याचा उपदेश करण्यापूर्वी त्याला घर आहे काय हे विचारणे प्राप्त आहे, आणि अशा थाळीची गरज त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

जेवणाच्या खोलीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो पैशात मोजता येत नाही. समतानंद अनंत हरी गद्रे ह्यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणून जातिभेदावर जो घाव घातला, त्याच कार्याचा एक भाग कचेरीतल्या एका मेजावर चार डबे एकत्र उघडले जातात तेव्हा कोणी न ठरविता घडत असतो. एकाची वांग्याची भाजी, दुसरीची सोलकढी, तिसऱ्याची ज्वारीची भाकरी ह्यांची देवघेव सुरू झाली की महिन्याभरात माणसे एकमेकांच्या घरांविषयी बोलू लागतात. उलट कोणाच्या डब्यातल्या सुक्या मासळीच्या वासाविषयी नाके मुरडली जातात, किंवा अमुक पदार्थ आणू नये असा फलक लागतो, तेव्हा तो माणूस दुसऱ्या दिवसापासून एकटा जेवतो, आणि पुष्कळदा डबा आणणेच थांबवितो. अशा कचेरीत हवेशीर खिडकी उघडणे हा उपाय आहे. माणसाच्या घरच्या अन्नावर बंदी घालणे हा नव्हे.

अशी जेवणाची जागा सर्वांना मिळावी म्हणून दुकानांच्या संकुलांना, लहान कचेऱ्यांच्या इमारतींना आणि बांधकामांना परवाना देताना नगरपालिकांनी तेथे राबणाऱ्यांसाठी एक खोली, दोन बाकडी, पिण्याचे पाणी आणि हात धुवावयाचा नळ ह्यांची अट घालावी. नळ, बाकडी आणि भिंतींसाठी येणारा खर्च बांधणाऱ्याच्या एकूण खर्चात नगण्य असतो. नव्या संकुलांत वाहने उभी करण्यासाठी किती जागा सोडावयाची ह्याचे नियम चौरस मीटरांत ठरलेले आहेत. त्याच नियमावलीत डबा खाणाऱ्या माणसासाठी किती चौरस मीटर सोडावयाचे ते लिहिण्यास नवा कायदा करावा लागणार नाही.